३० की ३४?

परवा एका गिटार बनवणाऱ्याकडे गेलो होतो. दिवसभर कीबोर्ड बडवून डावं मनगट कुरकुरायला लागलंय, म्हणून शॉर्ट स्केलचा फ्रेटलेस बेस करून घ्यायचा विचार होता. तो म्हणाला, "आखूड आणि वर बिनपडद्यांचा? बेसूर वाजेल. ३४ इंचीच घ्या." पटलं नाही, पण खोडूनही काढता येईना. म्हणून घरी येऊन इतिहास धुंडाळला.

स्केल लेंग्थ म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंतची, तारेची कंप पावणारी लांबी. सिएटलच्या पॉल टटमार्कने १९३० च्या दशकात इलेक्ट्रिक बेस काढला, तो साधारण ३० इंची होता. फारसा खपला नाही. १९५१ मध्ये लिओ फेंडरचा ३४ इंची बेस आला. डबल बेसवर सूर कानाने शोधावा लागतो. याला पडदे होते, म्हणून नाव 'प्रिसिजन'. पुढे १९५३ मध्ये गिब्सनने साडेतीस इंची काढला, १९५६ मध्ये जर्मनीच्या होफ्नरने ३० इंचांच्या आसपासचा. पण स्टँडर्ड झालं ते ३४. आखूड बेस म्हणजे नवशिक्यांचा, असा शिक्का बसला.

गंमत पुढेच आहे. १९६१ मध्ये इंग्लंडच्या बिल वायमनने एक स्वस्तातला आखूड बेस घेतला. तारा पडद्यांवर खडखडत, म्हणून पठ्ठ्याने सगळे पडदे उपटले. पैसे आले की नवे बसवू, असा बेत. वाजवून बघतो तर आवाज झकास! नवे पडदे राहूनच गेले. पुढच्याच वर्षी तो रोलिंग स्टोन्समध्ये गेला. अँपेगने कारखान्यात फ्रेटलेस बेस बनवला तो १९६६ मध्ये. म्हणजे आखूड-बिनपडद्यांची जोडी त्याच्याही आधीची. मात्र १९७६ मध्ये जॅको पास्टोरियसचा अल्बम गाजला तो ३४ इंची जॅझ बेसवर, आणि फ्रेटलेस म्हटलं की तेच माप डोळ्यांसमोर येऊ लागलं.

आता हिशोब. पहिल्या पडद्याच्या जागेपासून चौथ्यापर्यंतचं अंतर ३४ इंचीवर सुमारे १३० मिमी, ३० वर ११४. मनगटाला दीड सेंटिमीटरची सूट! तीच तार त्याच सुरात लावली तर ताण २२ टक्के कमी. बोटांना सोपं, पण खर्जाची तार ढिली पडते, म्हणून ती जरा जाड घ्यावी लागते.

आणि बेसूरपणा? मधल्या सप्तकाच्या जागी बोट १ मिमी चुकलं तर ३४ वर सूर ४ सेंट हलतो, ३० वर साडेचार. सेंट म्हणजे दोन लगतच्या स्वरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग. फरक अर्ध्या सेंटचा. व्हायोलिनची तार तर जेमतेम १३ इंच, तरी लोक सुरात वाजवतातच की.

काल जाऊन ॲडव्हान्स देऊन आलो. ३० इंची. आता बेसूर वाजलं तर मापाला दोष देता येणार नाही. असो, रियाजाला बसतो.