अश्रूंची मोजपट्टी

‘डोळ्यांत वाळू गेल्यासारखे वाटते’, ‘दुपारनंतर डोळे चुरचुरतात’, ‘पेपर तपासायला बसले की डोळ्यांतून पाणी येते’ या तक्रारी शिक्षकांच्या खोलीत नव्या नाहीत. तक्रार करणाऱ्याचे डोळे पाहावेत तर ते वरवर ठीकच दिसतात. त्यातून पाणी येत असताना ‘तुमचे डोळे कोरडे पडले आहेत’ असे डॉक्टर म्हणाले, तर ते चमत्कारिकच वाटते. पाहणाऱ्याला न दिसणारी ही तक्रार खरी आहे, हे वैद्यकशास्त्राला पटायला बराच काळ लागला. ते पटवण्यात आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेतल्या एका ओळखीच्या वस्तूचा, गाळण कागदाचा, मोठा वाटा आहे.

अश्रू येतात कोठून?

अश्रू मेंदूतून पाझरतात, अशी युरोपात फार काळ समजूत होती. १६६२ मध्ये निकोलस स्टेनो या तरुण डॅनिश अभ्यासकाने वरच्या पापणीच्या आड, बाहेरच्या कोपऱ्याकडे असणाऱ्या अश्रुग्रंथीचे वर्णन केले. तिच्यापासून निघून पापणीच्या आत उघडणाऱ्या बारीक नळ्याही त्याने दाखवल्या. अश्रूंचे रोजचे काम रडण्याचे नसून डोळा ओला ठेवण्याचे आहे, हे त्यातून स्पष्ट झाले. खडकांच्या थरांमध्ये खालचा थर जुना आणि वरचा नवा, हा भूगोलात शिकवला जाणारा नियम १६६९ मध्ये मांडणारा स्टेनो तो हाच.

१६६६ मध्ये जर्मनीतील हाइनरिख मायबोम यांनी पापण्यांच्या कडेला असणाऱ्या तैलग्रंथींचे वर्णन केले. डोळ्याला तेल कशाला लागते, याचा उलगडा मात्र बऱ्याच उशिरा झाला. १९४६ मध्ये यूजीन वोल्फ यांनी डोळ्यावरच्या अश्रूंचे तीन थर सांगितले. आत चिकट श्लेष्म, मध्ये पाणी आणि वर तेलाचा अतिशय पातळ थर. श्लेष्मामुळे पाणी डोळ्याच्या पृष्ठभागावर पसरून राहते, तेलामुळे ते लवकर उडून जात नाही. श्लेष्म आणि पाणी हे वेगळे थर नसून एकमेकांत मिसळलेले असतात असे आज मानतात. पण अश्रू म्हणजे नुसते खारट पाणी नव्हे, हा मुद्दा कायम आहे.

कागद बोलू लागला

अश्रू कमी आहेत हे ठरवायचे कसे? १९०३ मध्ये जर्मन नेत्रतज्ज्ञ ऑटो शिर्मर यांनी अगदी साधी युक्ती काढली. गाळण कागदाच्या अरुंद पट्टीचे टोक दुमडून खालच्या पापणीत अडकवायचे आणि ५ मिनिटे थांबायचे. केशाकर्षणाने कागद किती मिलिमीटर भिजला, ते पट्टीवर मोजायचे. साधारणपणे १० मिलिमीटरपेक्षा जास्त भिजला तर अश्रू पुरेसे. ५ किंवा त्याहून कमी असेल तर डोळा चांगलाच कोरडा. ही परीक्षा आजही वापरात आहे. (वर्गात हे सांगताना, ही पट्टी डॉक्टरांनीच लावायची असते, हेही आवर्जून सांगावे.)

मग कोरड्या डोळ्यांतून पाणी कसे येते? रोजचे अश्रू कमी पडले किंवा लवकर उडून गेले, की पारपटलावरील संवेदनशील चेतातंतू चेतवले जातात. कांदा चिरताना येतो तसा पाण्याचा लोंढा येतो, गालावरून ओघळून जातो आणि डोळा पुन्हा कोरडा तो कोरडाच!

१९ स्त्रिया आणि एक प्रबंध

स्वीडनमधील नेत्रतज्ज्ञ हेन्रिक श्योग्रेन यांच्याकडे १९३० च्या सुमारास एक स्त्री आली. डोळे कोरडे, तोंड कोरडे आणि सांधे दुखणारे. तीन तक्रारी, तीन वेगळ्या जागी. या वेगळ्या तक्रारी नसून एकाच रोगाच्या खुणा असाव्यात, असे श्योग्रेन यांना वाटले. त्यांनी अशा १९ स्त्रियांची तपासणी केली. शिर्मर यांची पट्टी वापरली आणि ‘रोझ बेंगाल’ हा गुलाबी रंग डोळ्यांत घालून पृष्ठभागावरच्या इजा झालेल्या पेशी दृश्य केल्या. १९ पैकी १३ जणींना जुनाट संधिवात होता.

१९३३ मध्ये हे काम त्यांनी प्रबंध म्हणून जर्मन भाषेत सादर केले. परीक्षकांवर त्याची छाप पडली नाही. विद्यापीठात अध्यापक होण्याइतकी श्रेणी त्यांना मिळाली नाही आणि ते रुग्णालयातच काम करत राहिले. १९४३ मध्ये ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञ ब्रूस हॅमिल्टन यांनी प्रबंधाचे इंग्रजी भाषांतर केले, तेव्हा तो जगभर वाचला गेला. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच अश्रू आणि लाळ ग्रंथींवर उलटते, असा हा विकार आज श्योग्रेन यांच्याच नावाने ओळखला जातो. १९६१ मध्ये स्वीडनच्या सरकारने त्यांना प्राध्यापक ही उपाधी दिली.

थेंब

मिठाचे पाणी घातले तर काही मिनिटांतच वाहून जाते. डोळ्यावर टिकेल असा दाट द्रव हवा होता. १९४५ मध्ये अमेरिकेत केनेथ स्वान यांनी मेथिलसेल्युलोजचा नेत्रोपचारातील उपयोग मांडला. आज आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच थेंबांत त्याचेच भावंड, कार्बोक्सिमेथिलसेल्युलोज, असते. गंमत अशी की गाळण कागदही सेल्युलोजचाच. मोजणारा कागद आणि ओलावा देणारा थेंब एकाच कुळातले!

एका डोळ्यावर एरवी सुमारे ७ मायक्रोलिटर अश्रू असतात. बाटलीतला थेंब ३० ते ५० मायक्रोलिटरचा. म्हणजे एका वेळी एकच थेंब पुरे, दुसरा गालावरच जातो. बाटलीतील जंतुरोधक रसायनाने वारंवार वापरात डोळ्याच्या पेशींना इजा होऊ शकते. म्हणून दिवसातून बऱ्याच वेळा थेंब लागत असतील, तर रसायनविरहित थेंब सुचवतात. पण निर्जंतुकतेशी तडजोड चालत नाही. भारतात तयार झालेल्या दूषित कृत्रिम अश्रूंशी निगडित संसर्गात २०२३ पर्यंत अमेरिकेत ८१ जण बाधित झाले, त्यांपैकी ४ दगावले आणि १४ जणांची दृष्टी गेली. त्यामुळे बाटलीचे तोंड डोळ्याला लावणे, बाटली एकमेकांत वापरणे किंवा लाली घालवणारे थेंब मनानेच विकत आणणे टाळावे. काही थेंबांत स्टेरॉइड असते. दीर्घकाळ वापरल्यास त्याने काचबिंदू होऊ शकतो.

काचेच्या आडचा ओलावा

दुसरा मार्ग, आहे तो ओलावा उडू न देण्याचा. १९व्या शतकात कॅनडातील फ्रँक बुलर यांनी घड्याळाची काच चिकटपट्टीत बसवून डोळ्यावर लावायची ढाल केली. एका डोळ्याचा संसर्ग दुसऱ्याला होऊ नये, हा तिचा हेतू. काचेआड दमट हवा कोंडून राहते, म्हणून पापणी न मिटणाऱ्या डोळ्यांसाठीही ती उपयोगी पडली. कडेने बंद असलेले आजचे चष्मे याच तत्त्वावर चालतात. दुचाकीवरून जाताना हेल्मेटची काच खाली घेणे, पंख्याचा झोत तोंडावर न घेणे आणि वाचताना किंवा पडद्याकडे पाहताना आठवणीने पापण्या मिटणे हे त्याचेच साधे प्रकार.

वर्गात हे दाखवता येईल. गाळण कागदाचे दोन सारखे तुकडे सारखेच भिजवा. दोन्ही पंख्याखाली ठेवा. एकावर घड्याळ-काच पालथी घाला. कोणता आधी वाळतो, ते मुलांना घड्याळ लावून मोजू द्या. आणि ‘डोळे चुरचुरतात’ असे एखादी मुलगी पुन्हा पुन्हा सांगत असेल, तर ‘दिसायला तर ठीक आहेत’ म्हणून तिला जागेवर बसवू नका, नेत्रतज्ज्ञांकडे पाठवा. त्या १९ जणींचे डोळेही वरवर पाहून कळण्यासारखे नव्हते. कोणीतरी ते मोजून पाहिले, म्हणून कळले.