चहाची पत्ती आणि तिची माणसे

आपल्या चांद्याकडचा माणूस दुकानात 'चहापत्ती' मागतो. पुडीत मात्र पान नसते. असते ती बारीक काळी भुकटी. ही पत्ती कशी होते आणि तिच्यापायी माणसांचे काय झाले, ते थोडक्यात सांगतो.

व्यापारी चहाची भारदस्त नावे घेतात : ऑरेंज पेको, ब्रोकन, फॅनिंग्ज, डस्ट. ही झाडाची नावे नव्हेत, चाळणीची होत. (ऑरेंज पेकोत संत्रे नसते, हे आम्हां नागपूरच्या शेजाऱ्यांना मुद्दाम सांगावे लागते.) एकाच धानातून अख्खा तांदूळ, कणी आणि कोंडा निघावा, तसेच हे. काळा चहा व हिरवा चहा हा भेद मात्र कृतीचा आहे. दोन पाने व एक कळी अशी खूड करतात. ती बारा-अठरा तास पसरून कोमेजवतात, मग यंत्राखाली वळतात. पान चुरगळले की त्याच्या रसाला हवा लागते, ते तांबूस होते आणि काळ्या चहाची चव त्याच वेळी येते. नेमक्या क्षणी कढत हवेने वाळवले की ही क्रिया थांबते. हिरव्या चहात वाफ देऊन किंवा कढईत परतून ती सुरूच होऊ देत नाहीत. ऊलाँगमध्ये ती मध्येच अडवतात.

आता खरी गोष्ट. आपला तेंदू उन्हाळ्याचे थोडे दिवस तोडावा, पुडके बांधावे, फळीवर उन्हात वाळत घालावे आणि माणसाने आपल्या घरी यावे. चहाचे पान असे थांबत नाही. खुडल्यापासून ते पालटू लागते, म्हणून कारखाना मळ्यातच हवा; आणि आसामात झुडूप पुन्हा पुन्हा फुटते, म्हणून वर्षातले बहुतेक महिने माणूसही मळ्यातच हवा. आसामचा चहा १८३९ साली लंडनच्या बाजारात विकला गेला. त्यानंतर मळे वाढले. पण स्थानिक शेतकरी आपली शेती सोडून तिथे राबायला राजी नव्हता. मग दूरदूरची माणसे दलालांकरवी करार करून नेली. १८५९ च्या कायद्याने करार मोडणे हा फौजदारी गुन्हा ठरला होता. १८६५ च्या कायद्याने तर पळालेल्या मजुराला वॉरंटाशिवाय धरण्याचा अधिकार खुद्द मळेवाल्याला दिला. हा अधिकार १९०८ पर्यंत टिकला. मालकाच्या हाती पोलिसाचा दंडा असला म्हणजे मजुरीच्या दराची बोलणी कशी होत असतील, ते युनियनच्या माणसाने निराळे सांगायला नको.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळला, तेव्हा येथूनही माणसे आसामला गेली. चांदा जिल्हा त्याच प्रांतातला. आसामच्या मळ्यांत आजही गोंड वस्ती आहे.

१९२१ च्या मे महिन्यात चरगोला खोऱ्यातील हजारो मजूर मळे सोडून गावाकडे पायी निघाले. चांदपूरच्या स्टेशनात २० मेच्या रात्री त्यांच्यावर गुरखा शिपाई घातले गेले. त्यावर आसाम-बंगाल रेल्वेच्या कामगारांनी संप केला. ते चहाचे मजूर नव्हते, तरी केला. १८५९ चा कायदा अखेर १९२६ साली गेला.

हाच चहा मग आपल्याकडे आला. १९०३ साली निर्यातीच्या चहावर कर बसवून त्यातून प्रचाराला पैसा उभा केला. पहिल्या महायुद्धाच्या काळात गिरण्यांत आणि कोळशाच्या खाणींत चहाच्या टपऱ्या निघाल्या. १९३० च्या सुमारास आसामात सी.टी.सी. यंत्र निघाले. दातेरी रुळांमध्ये पान चिरडून, फाडून, गोळी वळणारे ते यंत्र. बारीक कण पाण्यात लवकर रंग सोडतो आणि थोड्या पत्तीत जास्त कप निघतात. बल्लारपूरच्या कामगाराला रात्रपाळीनंतर परवडला तो हा चहा.

आसामात खुडणारी बहुधा बाई असते, आणि दिवसाचे काम साधारण २४ किलो ओले पान ठरलेले असते. साडेचार किलो पानाचा एक किलो चहा होतो. म्हणजे तिच्या दिवसाचा पाच किलोंहून थोडा अधिक. चाळणी लागते ती नंतर. अख्ख्या पानाचा चढा भाव असो की भुकटीचा उतरता, तिचे वजन सकाळ-संध्याकाळ काट्यावर आधीच झालेले असते.