पायाखालचा डोंगर

अंधेरीत इमारतींच्या गर्दीत गिल्बर्ट हिल नावाचा काळ्या बेसॉल्टचा सुळका उभा आहे. त्याची उंची सुमारे ६१ मीटर. माथ्यावर गावदेवीचे मंदिर असून तेथे जाण्यासाठी खडकातच पायऱ्या खोदल्या आहेत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना आकसला, त्याला उभ्या भेगा पडल्या आणि हे बहुकोनी स्तंभ तयार झाले. आजूबाजूचा खडक मात्र जागेवर उरलेला नाही. तो बांधकामासाठी फोडून नेला गेला. १९५२ मध्ये या टेकडीला कायद्याचे संरक्षण मिळाले, म्हणून एवढी तरी उरली.

उपनगरांतील फरशी, पायरी आणि वाट यांचा इतिहास म्हणजे एका अर्थी डोंगर जागेवरून हलल्याचा इतिहास आहे.

बोरिवलीजवळच्या कान्हेरीला डोंगर हलवला गेला नाही. इ. स. पूर्व पहिल्या शतकापासून सुमारे दहाव्या शतकापर्यंत येथे शंभराहून अधिक लेणी कोरली गेली. त्यांना जोडणाऱ्या पायऱ्या त्याच खडकातल्या. शिवाय पावसाचे पाणी पन्हळींतून टाक्यांत नेलेले आहे. वाट आखताना पाण्याचीही वाट आखली होती, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

एकोणिसाव्या शतकात मुंबई वाढली आणि उपनगरांतला दगड शहरात जाऊ लागला. मालाडचा पिवळसर दगड अनेक गॉथिक इमारतींत दिसतो. १८७८ मध्ये पूर्ण झालेला राजाबाई टॉवर कुर्ल्याच्या दगडाचा आहे. भिंती अशा इथल्या, पण शोभेची फरशी परदेशी! १८७२ मध्ये खुल्या झालेल्या भायखळ्याच्या संग्रहालयात (आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय) इंग्लंडहून आणलेल्या मिंटन टाइल्स बसवल्या होत्या.

या आयातीला उत्तर मिळाले ते स्वदेशीच्या काळात. १९२२ मध्ये फिरोजशा आणि रुस्तम सिधवा यांनी भारत टाइल्सचा उद्योग सुरू केला. त्यांचा कारखाना उरणला होता. सिमेंटची रंगीत फरशी भट्टीत भाजत नाहीत. साच्यात रंगीत सिमेंटचा पातळ थर ओततात, त्यावर सिमेंट-वाळूचे थर देऊन दाबयंत्राने दाबतात आणि मग फरशी पाण्यात मुरवतात. सिमेंट 'वाळून' घट्ट होते असे विद्यार्थी म्हणतात. प्रत्यक्षात सिमेंटची पाण्याशी रासायनिक अभिक्रिया होऊन ते कठीण बनते. म्हणूनच फरशी सुकू न देता ओली ठेवावी लागते.

स्वातंत्र्यानंतर मुलुंड, घाटकोपरच्या सोसायट्यांत संगमरवराच्या कपच्या घातलेली मोझॅक फरशी आली. स्वयंपाकघराच्या ओट्यावर कडप्पा, जिन्यात शहाबादी किंवा कोटा. हे तिन्ही दगड चुनखडीच्या जातीचे. शहाबादीच्या तुकड्यावर लिंबाचा रस टाकून भिंगातून पाहा, बारीक बुडबुडे दिसतील. खडीच्या काळ्या दगडावर दिसणार नाहीत. जिना ॲसिडने धुऊ नये तो यासाठीच.

पुढे व्हिट्रिफाइड टाइल्स आल्या. प्रचंड तापमानाला भाजल्यामुळे त्यांतली छिद्रे जवळजवळ बुजतात. त्या पाणी शोषत नाहीत, डाग धरत नाहीत. पण गुळगुळीत टाइल ओली झाली की पाय घसरतो. न्हाणीघरात आणि बाहेरच्या पायऱ्यांवर खरखरीत पृष्ठभागच हवा. चकाकी ही बैठकीच्या खोलीपुरती ठीक.

अंगणात आणि पदपथांवर आता पेव्हर ब्लॉक दिसतात. त्यांतल्या काँक्रीटमधली खडीही बहुधा बेसॉल्टचीच, म्हणजे पुन्हा डोंगरच! हे ठोकळे वाळूवर बसवले तर फटींतून थोडे पाणी जमिनीत मुरते. खाली काँक्रीटचा थर असला तर ते वाहूनच जाते. २६ जुलै २००५ रोजी सुरू झालेल्या पावसाची सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर नोंद झाली. एवढा पाऊस कोणतेही अंगण जिरवू शकत नाही, हे खरे. पण दर पावसाळ्यातल्या साध्या सरींचे पाणी मात्र अंगणाला नक्कीच मुरवता येते.

तेव्हा शाळेच्या आवारात फरशी घालायची ठरली, तर रंग आणि दर यांच्याआधी तीन प्रश्न विचारावेत: ओल्या पायाला ती धरेल का? पाणी कुठे जाईल? आणि हा दगड कोणत्या डोंगराचा? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे विद्यार्थी एक तांब्या पाणी ओतून स्वतःच शोधू शकतील. तिसऱ्यासाठी त्यांना गिल्बर्ट हिल दाखवायला न्यावे.