फिश टँकसाठी थर्मामीटर आणि पीएच मीटर: आकड्यावर भरवसा कधी ठेवायचा?

ऑनलाइन शोधलंत तर पाचशेच्या आतल्या मीटरवरही '०.१ अचूकता' असं बिनधास्त लिहिलेलं सापडेल. इथेच गोंधळ आहे. स्क्रीनवर ०.१ पर्यंत आकडा दिसणं हे झालं रिझोल्युशन. तो आकडा खऱ्या तापमानाच्या किती जवळ आहे, ती अचूकता. २६.४ दाखवणारा थर्मामीटर ±१ अंशाचा असेल, तर पाणी २५.४ असू शकतं किंवा २७.४ सुद्धा. म्हणून मी आधी ± चा आकडा शोधतो. तो कुठेच दिला नसेल तर पुढचं प्रॉडक्ट बघतो.

एवढी चिकित्सा कशाला? अमोनियासाठी. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात, उरलेलं खाद्य कुजूनही तो तयार होतो. २५ अंशांना पीएच ७ असेल तर त्यातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच हिस्सा ५ टक्क्यांच्या वर जातो, म्हणजे जवळपास दहापट! पाणी तापलं की तो आणखी वाढतो, वर ऑक्सिजनही कमी होतो. मीटर ७ दाखवतोय आणि खरा पीएच ८ आहे, तर 'सगळं ठीक आहे' म्हणत तुम्ही निवांत बसाल आणि मासे मरतील.

थर्मामीटरचं सोपं आहे. काचेवर चिकटवायची पट्टी खरं तर काचेचं तापमान दाखवते, त्यात खोलीतल्या हवेचाही परिणाम येतो. लाल किंवा निळ्या अल्कोहोलचा काचेचा थर्मामीटर स्वस्त आणि बिनबॅटरीचा, चांगला चालतो. पाऱ्याचा मात्र टँकमध्ये नकोच. माझी पसंती वायरच्या प्रोबवाल्या डिजिटलला. प्रोब हीटरपासून लांब लावा. आर्डुइनोवर प्रयोग करत असाल तर डीएस१८बी२० सेन्सर घ्या. डेटाशीटनुसार तो -१० ते ८५ अंशांत ±०.५ चा आहे, पण बाजारात डुप्लिकेट भरपूर, त्यामुळे तोही तपासूनच वापरा. (आणि मोबाइलवर 'पाण्याचं तापमान मोजा' म्हणणारी अ‍ॅप्स लगेच डिलीट करा. बहुतेक फोनमध्ये तसा सेन्सरच नसतो.)

तपासायचं कसं? ग्लासभर ठेचलेला बर्फ, त्यात थोडं गार पाणी, नीट ढवळा आणि प्रोब मध्यभागी पाच मिनिटं ठेवा. ० यायला हवं. दुसरी चाचणी वरच्या टोकाला: मगात साधारण ३७ अंशांचं कोमट पाणी घेऊन घरातल्या ताप मोजायच्या डिजिटल थर्मामीटरशी आकडा जुळवा. तो थर्मामीटर याच टप्प्यासाठी बनवलेला असल्याने टँकच्या थर्मामीटरपेक्षा बराच अचूक असतो.

पीएच मीटर जास्त नाजूक. त्याचा काचेचा इलेक्ट्रोड व्होल्टेज देतो आणि मीटर त्याचं पीएचमध्ये रूपांतर करतो. शाळेतलं y = mx + c आठवतंय? एकाच बफरने कॅलिब्रेट केलंत तर फक्त c जुळतो, m तसाच राहतो. म्हणून दोन पॉइंटचं कॅलिब्रेशन असलेलाच मीटर घ्या. सोबत बहुतेकदा ४.०१, ६.८६ आणि ९.१८ च्या पुड्या येतात. पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या डिस्टिल्ड वॉटरमध्येच त्या विरघळवा. दोन बफरवर कॅलिब्रेट करून तिसऱ्यात बुडवा. ०.२ पेक्षा जास्त फरक आला तर त्या मीटरवर विसंबू नका.

इलेक्ट्रोड कोरडा पडू देऊ नका, आणि डिस्टिल्ड वॉटरमध्येही ठेवू नका. त्यासाठी पोटॅशियम क्लोराइडचं स्टोरेज सोल्युशन मिळतं. न वापरताही इलेक्ट्रोड वर्ष-दोन वर्षांत थकतो, त्यामुळे प्रोब बदलता येईल असं मॉडेल परवडतं. कुंडीत खुपसायचे थ्री-इन-वन मीटर पाण्यासाठी नसतातच.

खरं सांगू? गप्पी-मॉलीच्या साध्या टँकला थेंबांचा टेस्ट किट पुरतो. फक्त त्याची रेंज बघा. नेहमीचा किट बहुधा ६.० ते ७.६ पर्यंतच मोजतो; बोअरचं पाणी त्याच्या वर गेलं तर रंग शेवटचा निळाच राहतो आणि पीएच ७.६ आहे असं वाटतं. अशा वेळी हाय रेंज किट घ्या. मीटर लागतो तो ब्रीडिंगला किंवा कार्बन डायऑक्साइड सोडलेल्या प्लांटेड टँकला. तिथे रोज ठरलेल्या वेळीच मोजा, कारण वनस्पती दिवसभर कार्बन डायऑक्साइड शोषतात आणि त्याच टँकचा पीएच सकाळी कमी, संध्याकाळी जास्त येतो.