रिकाम्या पिस्तुलाचं कूळ

वर्सोव्याच्या आराम नगरात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्करासाठी बराकी बांधल्या गेल्या. आज तिथे ऑडिशन चालतात: नाव, उंची, डावं प्रोफाइल, उजवं प्रोफाइल, मग संवाद. अबोल, एकलकोंडा, दिल्या शब्दाला जागणारा शूटर इथल्या नटांच्या चांगल्या ओळखीचा. त्याचं कूळ मात्र दूरचं आहे.

जपानच्या सागा संस्थानातला यामामोतो त्सुनेतोमो सामुराई खरा, पण त्याची चाकरी लेखनिकाची. लढाई त्याच्या वाट्याला आलीच नाही. 1700 मध्ये धनी वारला. धन्यामागे प्राण द्यायला त्या धन्यानंच बंदी घातलेली, म्हणून हा भिक्षू झाला. त्याचे बोल एका तरुण सामुराईनं 1716 पर्यंत उतरवून घेतले, तेच ‘हागाकुरे’. मरणाचा एवढा ध्यास घेतलेलं हे पुस्तक शांततेच्या काळात जन्मलं. लढाया संपल्यावरच लढवय्याच्या धर्माची अशी ओढ लागत असावी.

1967 मध्ये ज्याँ-पिएर मेल्व्हिलनं ‘ल सामुराई’ केला. सुरुवातीला पडद्यावर बुशिदोचं, म्हणजे सामुराईंच्या आचारधर्माचं, म्हणून येणारं वचन त्यानं स्वतःच रचलेलं. अलाँ दलाँनं रंगवलेला मारेकरी दुसऱ्याच्या उभ्या मोटारीत बसतो, चाव्यांचा मोठा जुडगा शेजारी ठेवतो आणि समोर बघत एकेक चावी लावून पाहतो. घाई म्हणून नाही. शेवटी तो पोलिसांच्या गोळ्यांनी पडतो आणि त्याच्या रिव्हॉल्व्हरमध्ये एकही गोळी सापडत नाही.

जिम जारमुशच्या ‘घोस्ट डॉग’मध्ये (1999) चाव्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक यंत्र येतं. फॉरेस्ट व्हिटेकरचा नायक गच्चीवर कबुतरांसोबत राहतो, ‘हागाकुरे’ वाचतो. एकेकाळी जीव वाचवणाऱ्या माफियातल्या किरकोळ माणसाला तो धनी मानतो, आणि मरतो त्याच्याच हातून. याचंही पिस्तूल रिकामंच.

आदल्याच वर्षी मुंबईत रामगोपाल वर्मांचा ‘सत्या’ आला होता. लेखन सौरभ शुक्ला आणि अनुराग कश्यप यांचं. मला तो जास्त जवळचा वाटतो. टोळीवाला भिकू म्हात्रे नायक सत्याला तुरुंगातून सोडवतो, राहायला खोली देतो, आपल्या माणसांत बसवतो. पुढे भाऊ नावाचा राजकारणी भिकूला मारतो, तेव्हा सत्या गणपती विसर्जनाच्या गर्दीत घुसून भाऊला भोसकतो. सुपारी कुणाचीच नसते. कुठलंही पुस्तक न वाचता तो खाल्ल्या मिठाला जागतो. पण दलाँच्या नायकासारखा तो एकटा नाही. शेजारच्या विद्यावर त्याचं प्रेम आहे, पण तिला त्याचा धंदा माहीत नव्हता. तो जखमी होऊन तिच्या दारात येतो तेव्हा ती दार उघडत नाही, आणि त्याच्या इमानाची किंमत तिलाही मोजावी लागते.