व्हूडू ग्राफिक्स कार्डाचे एम्युलेशन

व्हूडू ग्राफिक्स हे थ्रीडीएफएक्स इंटरॅक्टिव्ह या अमेरिकी कंपनीचे १९९६ साली बाजारात आलेले त्रिमितीय ग्राफिक्स कार्ड. घरगुती संगणकावरील खेळांचा वेग आणि दर्जा या कार्डाने एकदम वर नेला. पुढे कंपनी बंद पडली, कार्डेही दुर्मीळ झाली. मात्र त्यांच्यासाठी लिहिलेले खेळ उरले. ते आजच्या संगणकावर चालावेत म्हणून कार्डाचे वर्तन सॉफ्टवेअरमध्ये जसेच्या तसे उभे करणे म्हणजे त्याचे एम्युलेशन. मेम, पीसीईम आणि ८६बॉक्स या प्रणालींमध्ये ते उपलब्ध आहे. मेममध्ये त्याची गरज आर्केड यंत्रांमुळे निर्माण झाली, कारण ‘सॅन फ्रान्सिस्को रश’सारख्या यंत्रांतही याच कार्डाच्या चिपा बसवलेल्या होत्या.

कार्डावर मुख्य चिपा दोन. एक पिक्सेल रंगवून चित्रस्मृतीत ठेवते, दुसरी पृष्ठभागावर चढवायचे पोत हाताळते. प्रत्येकीची स्मृती वेगळी, सहसा २ मेगाबाइटची. ६४० × ४८० पिक्सेलच्या एका १६ बिटी चित्राला ६,१४,४०० बाइट लागतात. दिसणारे चित्र, मागे तयार होणारे चित्र आणि खोलीची नोंद असे तीन भाग त्या २ मेगाबाइटमध्ये जेमतेम बसतात. ८०० × ६०० ला खोलीच्या नोंदीसाठी जागाच उरत नाही. एम्युलेटरला ही मर्यादाही पाळावी लागते, कारण खेळ तिच्या हिशेबाने लिहिलेले असतात.

मुख्य प्रोसेसरला हे कार्ड १६ मेगाबाइटच्या पत्त्यांचा एक पट्टा म्हणून दिसते. पहिल्या ४ मेगाबाइटमध्ये रजिस्टर, पुढच्या ४ मध्ये चित्रस्मृती आणि उरलेल्या ८ मध्ये पोतस्मृती. चित्र ज्या त्रिकोणांनी बनते त्यांची टोके, रंग आणि रंग दर पिक्सेलला किती बदलतो हे सारे आकडे ड्रायव्हर स्वतः काढून रजिस्टरमध्ये भरतो. शेवटच्या आज्ञा-रजिस्टरवर लिहिले की चित्रण सुरू होते. टोकांची जागा पिक्सेलच्या सोळाव्या भागापर्यंत मोजलेली असते. इथे सोयीसाठी आजच्या ग्राफिक्स चिपची अंकपद्धत वापरली तर शेजारच्या दोन त्रिकोणांमध्ये फट दिसू शकते. म्हणून काटेकोर एम्युलेटर स्थिरबिंदू अंकगणित तसेच ठेवतात आणि २४ बिटी रंग १६ बिटांत उतरवताना वापरलेला ठिपक्यांचा साचाही जपतात.

यामुळे काम फार वाढते. पोत तिरक्या पृष्ठभागावर नीट बसावा म्हणून दर पिक्सेलला भागाकार लागतो. मेममध्ये त्याऐवजी व्यस्तांक आणि लॉगरिदम एकदमच देणारे कोष्टक वापरले आहे. शिवाय धुके, पारदर्शकता आणि खोलीची चाचणी चालू की बंद, याच्या असंख्य जोड्या होतात. दर पिक्सेलला हे तपासत बसणे परवडत नाही. पीसीईम त्या क्षणी लागू असलेल्या जोडीपुरताच यंत्रसंकेत तयार करून घेतो आणि चित्राच्या ओळी अनेक थ्रेडमध्ये वाटून देतो.

वेळेचा मेळ हा सर्वांत नाजूक भाग. स्थिती-रजिस्टरच्या खालच्या सहा बिटांत आज्ञांच्या रांगेतील मोकळी जागा असते, वरच्या बिटांत पडद्याच्या परतीची आणि चिप कामात असल्याची खूण. एम्युलेटरने ‘मी मोकळा आहे’ असे नेहमीच सांगितले तर कार्डाच्या वेगावर विसंबलेला खेळ भरधाव सुटतो. खूण बदललीच नाही तर तो वाट पाहत गोठतो.

या कार्डाला साधे द्विमितीय चित्रण येत नव्हते. नेहमीच्या कार्डाचे चित्र बाहेरच्या केबलने त्याच्यात येई आणि त्रिमितीय खेळ सुरू झाला की व्हूडू मॉनिटर आपल्या ताब्यात घेई. त्यामुळे खिडकीत कोणत्या कार्डाचे चित्र दाखवायचे, हे एम्युलेटर एका बिटावरून ठरवतो. व्हूडूचे चित्र मॉनिटरकडे जाताना त्यातला ठिपक्यांचा साचा थोडा सौम्य होई. पीसीईममध्ये त्यासाठी वेगळा पर्याय दिलेला आहे.

एनग्लाइडसारख्या प्रणाली याहून सोपा मार्ग धरतात. त्या कार्डाला हात न लावता त्याच्या ग्लाइड या आज्ञासंचातील हाका अडवून आजच्या ग्राफिक्स चिपकडे वळवतात. वेग उत्तम मिळतो, चित्रही अधिक रेखीव येते. पण डॉसवरील काही खेळांत ग्लाइडचा संकेत खेळाच्या फाइलमध्येच मिसळलेला असतो. तिथे अडवायला वेगळी फाइल नसते, आणि रजिस्टरपातळीवरचे एम्युलेशनच वापरावे लागते.