ब्रिलियनचं नारंगी लोखंड

मिलवॉकी आणि ग्रीन बे या दोन शहरांमध्ये जेमतेम सव्वाशे मैलांचं अंतर आहे. मधल्या भागात मक्याची शेतं, गाईंचे गोठे आणि चर्चचे सुळके, एवढंच विस्कॉन्सिन बहुतेकांना दिसतं. मला मात्र त्यात जुने कारखाने दिसतात. पोर्ट वॉशिंग्टनला बोलेन्स आणि सिम्प्लिसिटी, प्लिमथला गिल्सन, न्यू होल्स्टाइनला लॉसनची इंजिनं आणि ब्रिलियनला एरिअन्स. बर्फ फेकणाऱ्या जुन्या यंत्रांचा ज्याला नाद आहे, त्याच्यासाठी ही गावं म्हणजे वारीच्या वाटेवरचे मुक्काम.

माझा जन्म कोल्हापूरचा. वडिलांचं लेथ उद्यमनगरात होतं, त्यामुळे ओतकामाचा वास आणि तेलात भिजलेल्या चोथ्याचा स्पर्श लहानपणापासून अंगवळणी पडलेला. नोकरीनिमित्त इकडे आलो आणि पहिल्याच हिवाळ्यात शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांचं नारंगी यंत्र जवळून पाहिलं. गिअरबॉक्सचं कवच चक्क ओतीव लोखंडाचं! त्यावर साच्याची सांधरेषा अजून बोटाला लागत होती. पुढे ते यंत्र त्यांनी मलाच दिलं. साठच्या दशकातलं एरिअन्सचं स्नो-थ्रो. आज ते माझ्या गॅरेजमध्ये आहे आणि दर हिवाळ्यात काम करतं.

उपनगरातल्या घरमालकांच्या सोयीसाठी निघालेलं हे एक उपकरण, असं या यंत्राबद्दल लिहिलं जातं. मला ते पटत नाही. हे मूळचं शेतकऱ्याचं यंत्र आहे. सुरुवातीपासूनची हकिकत पाहिली तर हेच दिसतं.

बर्फ फिरत्या पात्यांनी कापून बाजूला भिरकावायची कल्पना आधी रेल्वेला सुचली. टोरांटोच्या जे. डब्ल्यू. एलियट नावाच्या दंतवैद्याने १८६९ साली तिचं पेटंट घेतलं. पुढे ऑन्टारियोतल्या ऑरेंज जल याने ती सुधारली आणि १८८०च्या दशकात अशी यंत्रं रुळांवर धावू लागली. पण रस्त्यांचं काय? तो प्रश्न सोडवला क्वेबेकच्या आर्थर सिकारने. हा माँट्रियलजवळच्या एका दूधवाल्या शेतकऱ्याचा मुलगा. रस्ते बर्फाने बंद झाले की दूध शहरात पोचायचं नाही, नासून जायचं. धान्याचं यंत्र दाणे आत ओढून कसं बाहेर फेकतं हे पाहून त्याला कल्पना सुचली, असं सांगतात. तरुणपणी सुचलेली ही गोष्ट प्रत्यक्षात यायला १९२५ उजाडलं. ट्रकचा सांगाडा, त्यावर बर्फ फेकण्यासाठी वेगळं इंजिन, आणि बर्फ नव्वद फुटांपलीकडे उडवणारं नळकांडं. १९२७ साली माँट्रियलला लागून असलेल्या उत्रमाँ गावाने त्याचं यंत्र विकत घेतलं.

सिकारचं यंत्र नगरपालिकेच्या ताकदीचं होतं. घरच्या माणसाच्या हाती फावडंच राहिलं.

इथे ब्रिलियन येतं. १९३३, मंदीचा तळ. ब्रिलियन आयर्न वर्क्स ही गावातली फाउंड्री बुडाली. तिच्याशी संबंधित असलेले हेन्री एरिअन्स आणि त्यांची मुलं यांनी घरच्या गॅरेजमध्ये रोटाव्हेटर बनवायला घेतला, म्हणजे फिरत्या पात्यांनी जमीन भुसभुशीत करणारं यंत्र. धंदा जमला. पण मशागतीच्या अवजाराचं गिऱ्हाईक वसंतात येतं आणि पुढे महिनोन्‌महिने फिरकत नाही. कारखाना तर बारा महिने चालवायचा असतो. कोल्हापुरात ऊस-गुळाच्या हंगामावर जगणाऱ्या कोणत्याही फॅब्रिकेटरला हे समजावून सांगायला नको. १९६०मध्ये एरिअन्सने स्नो-थ्रो बाजारात आणलं. त्याआधी मिनेसोटाच्या टोरोने घरगुती यंत्रं काढली होती, त्यामुळे पहिलेपणाचा मान एरिअन्सचा नाही. मान आहे तो बांधणीचा. माती फोडणाऱ्या माणसांनी बर्फ फोडायला घेतला होता, आणि मातीत दगड असतो हे ते विसरले नव्हते.

माझ्या यंत्राचं तोंड चोवीस इंच रुंद आहे. आत आडवा ऑगर, म्हणजे पोलादी पट्ट्यांचा मळसूत्री फेरा. तो सावकाश फिरतो, बर्फ फोडतो आणि मधोमध ढकलतो. त्याच्या मागे इम्पेलरचा पंखा, तो मात्र मिनिटाला हजाराच्या आसपास फेरे घेतो आणि हाती आलेला बर्फ वरच्या चूटमधून फेकून देतो. एकाच इंजिनावर दोन वेग. ही किमया मधल्या गिअरबॉक्सची. इंजिनाचा पट्टा पंख्याचा शाफ्ट फिरवतो, तोच शाफ्ट पुढे गिअरबॉक्समध्ये जातो. तिथे त्याच्यावर पोलादी वर्म, आणि वर्मला भिडलेलं ब्राँझचं चक्र. घासायचं झालं तर मऊ ब्राँझने घासावं, पोलाद टिकावं, हा जुना हिशेब. मी कवच उघडलं तेव्हा आतलं तेल डांबरासारखं काळं झालं होतं. ते धुऊन काढलं, तर ब्राँझचे दाते सोन्यासारखे झळकले आणि त्यांची धार अजून शाबूत होती. त्या संध्याकाळी मी बराच वेळ ते चक्र हातात घेऊन बसलो होतो.

चाकांना गती देण्याची रीत तर मला आजही भुरळ घालते. इंजिनाच्या पट्ट्यावर एक सपाट चकती फिरते. तिच्या तोंडावर काटकोनात एक रबरी कडेचं चाक टेकतं. ते चकतीच्या मध्याजवळ टेकवलं तर यंत्र मुंगीच्या चालीने चालतं, कडेकडे सरकवलं की वेग वाढतो, आणि मध्य ओलांडून पलीकडे नेलं की यंत्र मागे येतं. गिअर बदलण्यासाठी दातेरी चक्रांचा संच नको, काही नको. रबर झिजलं की दुसरं बसवायचं.

इंजिन टेकुम्सेचं. टेकुम्सेने १९५६मध्ये न्यू होल्स्टाइनची लॉसन कंपनी घेतली, आणि लॉसन तर कित्येक वर्षं शेतीची इंजिनं बनवत आलेली. म्हणजे यंत्राचं हृदयही शेजारच्या गावचं. फ्लायव्हील काढलं की खाली कॉन्टॅक्ट पॉइंट दिसतात. त्यांची फट वीस थाऊ ठेवायची (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). फीलर गेजची पट्टी मधून किंचित अडखळत सरकली पाहिजे. हा अंदाज वडिलांनी मला स्कूटरवर शिकवला होता, तोच इथे कामी आला.

सत्तरच्या दशकाअखेर बर्फ फेकणाऱ्या यंत्रांच्या धंद्याला नशा चढली. १९६७च्या जानेवारीत शिकागोवर तेवीस इंच बर्फ कोसळला होता, पुढे १९७८-७९चे हिवाळेही असेच निष्ठुर गेले. टोरोने यंत्रांची रास लावली आणि त्यानंतरचे दोन हिवाळे जवळजवळ कोरडे गेले. कंपनी डबघाईला आली, माणसं कमी करावी लागली. १९८१मध्ये केन मेलरोझ अध्यक्ष झाले आणि त्यांनी ती सावरली. १९८३ची त्यांची योजना मला फार आवडते: तुमच्या भागात सरासरीच्या वीस टक्क्यांहून कमी बर्फ पडला तर सगळे पैसे परत, आणि यंत्रही तुमच्याकडेच. आभाळावर अवलंबून असलेल्या धंद्यात गिऱ्हाइकाची भीती कंपनीने स्वतःच्या अंगावर घेतली.

टेकुम्सेने २००८च्या सुमारास पेट्रोल इंजिनांमधून अंग काढून घेतलं. न्यू होल्स्टाइनमध्ये आयुष्य काढलेली माणसं मला भेटली आहेत. आपण बनवलेलं इंजिन एखाद्याच्या अंगणात अजून धडधडतंय हे ऐकून त्यांचा चेहरा खुलतो. जुनं यंत्र चालतं ठेवण्याचं हे एक मोठं कारण मला वाटतं. संग्रहालयाच्या काचेमागे ठेवलेलं इंजिन त्या माणसांना हा आनंद देऊ शकत नाही.

ही यंत्रं कामाची आहेत म्हणूनच जपावीशी वाटतात. रात्री नगरपालिकेचा प्लाऊ रस्ता साफ करतो आणि जाता जाता आपल्या दाराशी बर्फाचा बांध घालून जातो. मीठ, चिखल, गोठलेले गोळे, सगळं त्यात असतं. माझं नारंगी यंत्र तिथे शिरतं तेव्हा इंजिनाचा सूर खाली बसतो, घुमतो, आणि मग चूटमधून राखाडी धार निघते. या आवाजासाठी मी पहाटे आनंदाने उठतो.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगायची. त्या काळच्या यंत्रांना हात सोडताच ऑगर थांबवणारी मूठ नव्हती. क्लच जोडला की तो जोडलेलाच राहतो. चूट तुंबली तर आधी इंजिन बंद, मग स्पार्क प्लगची वायर काढायची, आणि मगच काठीने बर्फ काढायचा. हात कधीही घालायचा नाही. यंत्र बघायला येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हे सांगतो, मग दोरी ओढू देतो.

कोणाला असं यंत्र घ्यायचं असेल तर रंगाकडे पाहू नये, इंजिन चालतं की नाही याचीही फार काळजी करू नये. कार्ब्युरेटर साफ करता येतो, इंजिन तर दुसरंही बसतं. इंजिन बंद असताना ऑगर दोन्ही हातांनी पुढेमागे हलवून बघावा. थोडी ढिलाई चालेल; खडखडून फिरला तर ब्राँझ संपलंय. मग गिअरबॉक्सच्या खालच्या सांध्यावर बोट फिरवावं. बोटाला तेल लागलं तर सील गेलंय, आणि सील बाजारात मिळतं. बोटाला गंजाचं पाणी लागलं तर किंमत निम्म्यावर आणावी, नाहीतर सरळ घरी परत यावं.